सुधारित दुसरी आवृत्ती

नाकाचं पहिलं ऑपरेशन माणूस चोरून करून घेतो. दुसऱ्याच्या वेळी मात्र अख्खं घर बैठक मारून बसतं, आणि पहिल्या वेळी आपल्याला विचारलं नाही म्हणूनच ही वेळ आली यावर सगळ्यांचं एकमत असतं. आमच्या सासुरवाडीत सध्या हेच चाललंय. मेव्हण्याचं नाक हा विषय आधी कुजबुजीचा होता, मग तो जेवणाच्या टेबलावर आला, आता तर सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला आलेल्या पाहुण्यांसमोरही निघतो. नाकाचा मालक तिथेच बसलेला असतो. त्याला कुणी काही विचारत नाही, फक्त मान डावीकडे वळव, आता उजवीकडे, एवढंच सांगतात.

तसं मूळ नाक एकट्या मेव्हण्याचं नव्हतंच. सांगलीच्या घरी दिवाणखान्यात तीन पिढ्यांचे फोटो ओळीने लावलेत. पणजोबा पगडीत, आजोबा टोपीत, सासरे बोडक्याने. नाक तेच. मधोमध ठसठशीत उंचवटा आणि तिथून खाली सरळ उतार. सासरे या नाकाला ‘बाणेदार’ म्हणतात आणि त्याच्या जोरावर त्यांनी पाटबंधारे खात्यातली नोकरी निवृत्तीपर्यंत रेटली. मेव्हण्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. शाळेत पोरं ‘गरुड’ म्हणायची, तेही कौतुकाने. लग्न झालं, मुलगी झाली, पुण्यात फ्लॅट झाला, तोवर नाक आपल्या जागी सुखात होतं.

मग घरून काम सुरू झालं. त्याआधी पुरुषाला आपला चेहरा दिसायचा तो दाढी करताना, आणि तोही समोरून. याच्या टेबलावर मोठा पडदा समोर आणि कॅमेरावाला लॅपटॉप डाव्या हाताला. त्यामुळे मीटिंग चालू असेतो कोपऱ्यातल्या चौकटीत त्याला स्वतःची डावी बाजू दिसत राहायची. ज्या बाजूने आजवर त्याला फक्त एसटीत शेजारी बसलेल्यांनी पाहिलं होतं, ती बाजू तो रोज आठ-आठ तास पाहू लागला. इतका वेळ पाहिलं तर ताजमहालातही खोट निघेल. याच्या नाकात तर उंचवटा होता.

आता एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात दिसण्यासाठी नाकाचं ऑपरेशन आजवर एकाही माणसाने केलेलं नाही. सगळ्यांचं हाड वाढलेलं असतं. खरं म्हणजे हाड वाढत वगैरे नाही. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो, आणि थोडाफार वाकडा तो बहुतेकांचा असतोच. त्यामुळे ही थाप उघडी पाडणं अवघड, आणि म्हणूनच ती इतकी चालते. मेव्हण्यानेही तीच वापरली. रात्री घुसमटायला होतं, एका बाजूने श्वासच येत नाही, डॉक्टर म्हणाले करून टाका. सासूबाईंनी सांगलीहून भाजलेल्या ओव्याच्या पुरचुंड्या पाठवल्या. त्या हुंगत हुंगत तो ऑपरेशनला गेला.

श्वासाचा त्रास त्याला तेव्हा नव्हता. आता आहे.

हे कसं झालं ते त्याने मला इतक्या वेळा समजावलंय की आता मी त्या विषयाची परीक्षा देऊ शकेन. नाकाच्या वरच्या भागाला हाड असतं आणि खालच्या भागाला कूर्चा, म्हणजे कान दुमडला की बोटांना लागते ती लवचिक चीज. हाड संपतं त्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला, हवेच्या वाटेतली सगळ्यात अरुंद जागा असते. तिथे पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यात जेमतेम १० ते १५ अंशांचा कोन असतो. उंचवटा तासताना या कूर्चेचा वरचा आधार गेला की बाजूची भिंत आत बसते आणि आधीच चिंचोळी असलेली वाट आणखी चिंचोळी होते. मेव्हण्याचा उंचवटा तासला, तो उदार हाताने तासला. हाड गेलं, पण शेंड्याच्या वरची कूर्चा राहिली आणि तिच्यावर व्रण भरून आला. परिणामी जो फुगवटा नाकाच्या मध्यावर होता तो बोटभर खाली सरकला. याला सर्जन लोक ‘पॉलीबीक’ म्हणतात, पोपटाची चोच. गरुड गेला आणि पोपट आला. मधल्या मध्ये एका नव्या ॲक्टिव्हाचे पैसे गेले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे यावर एक साधी तपासणी असते. ते बोटाने गाल बाहेरच्या बाजूला ओढतात आणि विचारतात, “आता?” ओढल्यावर श्वास मोकळा झाला, तर दोष त्या अरुंद जागेत आहे असं धरतात. कॉटल टेस्ट म्हणतात तिला. मेव्हण्याने या तपासणीचाच उपचार करून टाकलाय. सिग्नलला थांबला असताना, बँकेच्या रांगेत, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत तो तर्जनीने गाल ओढून उभा असतो. वर्गशिक्षिकाबाईंनी शेवटी त्याला त्यांच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

मन शांत व्हावं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तो इगतपुरीला विपश्यनेलाही जाऊन आला. दहा दिवसांचं शिबिर. त्यातले पहिले तीन-साडेतीन दिवस नाकपुड्यांच्या दाराशी येणारा आणि जाणारा श्वास नुसता पाहायचा असतो. चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. वर मौन, म्हणजे तक्रारीची सोय नाही. सभागृहभर माणसं डोळे मिटून श्वास बघतायत आणि हा गाल ओढू की साधना करू या पेचात. परत आल्यावर मला म्हणाला, “दाजी, सगळं अनित्य आहे. सूज सोडून.”

सूज हे पहिल्या डॉक्टरांचं उत्तर होतं. तिसऱ्या महिन्यात विचारलं तर सूज आहे, सहाव्या महिन्यात विचारलं तरी सूज आहे. घरात सगळ्यांना ही शुद्ध टोलवाटोलवी वाटत होती. मला सांगायला वाईट वाटतं, पण यात तरी डॉक्टर खोटं बोलत नव्हते. नाकाच्या शेंड्याची सूज सगळ्यांत शेवटी उतरते. कातडी जाड असेल तर वर्ष उलटून जातं. म्हणून वर्षाच्या आत दुसऱ्या ऑपरेशनला शहाणा सर्जन हात लावत नाही, फार तर फुगवट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बघतो. पहिल्या ऑपरेशननंतर दुसरं करावं लागणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ५ ते १५ असं सांगितलं जातं. त्या ५ ते १५ माणसांना हे एक वर्ष कसं जातं याचा आकडा कुठे मिळत नाही. आमच्याकडे ते असं गेलं, की मेव्हण्याच्या फोनमध्ये आता नाकाशिवाय फोटो नाही. मुलीच्या वाढदिवसाचा फोटो मागितला तर केकच्या मागचं नाक मोठं करून ठेवलेलं.

त्यातही गंमत अशी, की हे सगळे फोटो त्याने हातभर अंतरावरून स्वतःच काढलेले. २०१८ साली अमेरिकेतल्या सर्जनांनी याचं गणित मांडलं होतं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. ५ फुटांवरून दुसऱ्याने काढलेल्या फोटोत हा दोष जवळपास उरत नाही. मी हे मेव्हण्याला सांगितलं. त्याने तत्काळ माझ्या हातात फोन दिला आणि ५ फूट मोजून उभा राहिला. फोटो पाहिला, आणि म्हणाला, “इथूनही दिसतंय.” दिसत होतंच. विज्ञानाने सगळे प्रश्न सुटत नाहीत.

नातेवाइकांबद्दल काय सांगावं! सगळ्यांनाच आता आधीचं नाक किती रुबाबदार होतं ते आठवतं. मावससासूबाईंना काही तरी बदललंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, “बारीक झालास का रे? की मिशा काढल्यास?” मिशा त्याला कधीच नव्हत्या. सासऱ्यांनी तर फोटोंच्या भिंतीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. त्यांचं दुःख वेगळं होतं. मुलाने टाकून दिलं ते त्यांचं नाक होतं, आणि टाकताना त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. अशा प्रसंगी जे एक वाक्य म्हणायचं असतं ते त्यांनी म्हटलं नाही. ते चुलतसासऱ्यांनी म्हटलं, पंगतीत, मठ्ठा वाढताना.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते मात्र विमानतळावर. पुण्याच्या विमानतळावर डिजियात्राचं यंत्र चेहरा पाहून दार उघडतं. मेव्हण्याला आशा होती की यंत्र अडखळेल, सुरक्षारक्षक येईल, जुना फोटो आणि नवा चेहरा ताडून पाहील. दार झटक्यात उघडलं. नाक बदलल्याचं यंत्राच्या खिजगणतीतही नव्हतं. “एवढं सगळं केलं,” तो म्हणाला, “आणि ह्याला काहीच फरक दिसला नाही.”

वर्ष सरलं तशी डॉक्टरांची वारी सुरू झाली. पहिले नको, हे ठरलेलं. दुसऱ्यांनी संगणकावर त्याचा फोटो घेऊन उंदराच्या दोन झटक्यांत नाक असं काही सरळ करून दाखवलं की मेव्हण्याचे डोळे भरून आले. मी सोबत होतो. मला त्यात वेगळीच शंका आली, की पडद्यावरच्या त्या माणसाच्या नाकातून हवा कुठून जाणार? पण माझं स्वतःचं नाक बसकं आहे, त्यामुळे या विषयात माझ्या मताला सासुरवाडीत किंमत नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र संगणक उघडलाच नाही. नाकात दुर्बीण घातली, पाहिलं, आणि सांगितलं की माल संपलाय.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड का, त्याचं कारण इथे आहे. बसलेली भिंत उभी करायची तर तिला आतून टेकू द्यावा लागतो. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेची बारीक पट्टी बसवतात आणि तो मिटलेला कोन पुन्हा उघडतात. स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात त्या पट्टीला. जॅक शीन या अमेरिकन सर्जनने १९८४ साली ती मांडली आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या नाकांना मोठा आधार झाला. पण पट्टी आणायची कुठून? पहिली पसंती नाकाच्या पडद्याचीच असते, आणि मेव्हण्याच्या पडद्यातला कापण्याजोगा भाग पहिल्या ऑपरेशनातच कापून झाला होता. थाप खरी वाटावी म्हणून पडदाही सरळ करून घेतला होता ना! मग राहिला कान, नाही तर बरगडी. कानाची कूर्चा मऊ आणि वळणदार, टेकूला जरा कमीच. बरगडीची भक्कम, पण तिला नंतर वाकायची खोड असते, म्हणून ती कापताना फार काळजी घ्यावी लागते.

ही बातमी सांगलीला पोचली तेव्हा घरात सन्नाटा पसरला. श्वासासाठी नाक, हे सगळ्यांनी पचवलं होतं. नाकासाठी बरगडी, हे फार झालं. सासऱ्यांनी भिंतीकडची पाठ वळवली आणि विचारलं, “आणि बरगडीसाठी काय काढणार?” सासूबाई तेवढ्या शांत होत्या. त्या आयुष्यभर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवत आल्यात. त्यांनी एकच प्रश्न केला, “पहिल्याने आत माया ठेवली नव्हती का?” मग स्वतःच म्हणाल्या, “शिवणीत माया ठेवली असेल तर उसवून सैल करता येतं. कापून टाकलं असेल तर जोड द्यावा लागतो, आणि जोडाला त्याच ताग्यातलं कापड लागतं.” मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी पुढे हेच इंग्रजीतून सांगितलं आणि दीड हजार रुपये घेतले.

मेव्हण्याला धीर यावा म्हणून मी त्याला कावसजीची गोष्ट सांगितली. ती पुण्याची आहे, म्हणून पुण्यात राहणाऱ्याला माहीत असावी अशी माझी समजूत होती. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा हा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. नाव पारशी वाटतं, पण तेव्हाच्या इंग्रजी हकिकतीत तो मराठा शेतकरी म्हणून नोंदलेला आहे. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नाक करून दिलं. हा माणूस सर्जन नव्हता, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागेवर बसवून माप घेतलं, तो पत्रा कपाळावर सपाट करून भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांच्या मध्ये तिचा देठ तसाच ठेवून ती खाली वळवून बसवली. चिकटवायला काय, तर काथ. पानाला लावतो तोच, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला. पुढे तुपात भिजवलेलं कापड. आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं, जेम्स वेल्सने कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सगळी हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मढ्यांवर हात बसवला आणि १८१४ साली लंडनमध्ये पहिलं नाक केलं. पट्टी सोडल्यावर रोग्याच्या मित्राला काय आश्चर्य वाटलं असेल! नाक आहे, एवढ्याचंच.

मेव्हण्याने सगळं शांतपणे ऐकलं. गाल ओढलेलाच होता. “दाजी,” तो म्हणाला, “त्याला नाकच नव्हतं. जे मिळालं तो बोनस. मला होतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बिननाकाचा माणूस नव्या नाकाची तुलना रिकाम्या जागेशी करतो. दुसऱ्यांदा जाणारा माणूस ती दोन नाकांशी करतो. एक जे होतं ते, आणि दुसरं जे संगणकावर पाहिलं ते. या दोन्हींच्या मधोमध त्याचं खरं नाक, बिचारं, दम लागून बसलेलं असतं.

तरी जाता जाता सुश्रुताचं सांगितलंच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात पानाच्या मापाने गालाची कातडी घेऊन नाक कसं बांधावं ते आहे, हे आपल्याला व्हॉट्सॲपवर दर पंधरा दिवसांनी कळत असतं. पुढचं मात्र कुणी पाठवत नाही. सुश्रुत दोन नळ्या आत बसवायला सांगतो, म्हणजे श्वासाची सोय आधी. आणि शेवटी म्हणतो, की नाक कमी पडलं तर वाढवायचा प्रयत्न करावा, मांस जास्त झालं तर ते बेताचं करावं. प्रयत्न करावा! ज्याने हे काम जगाला शिकवलं त्यालाही ते पहिल्या फटक्यात साधेलच अशी खात्री नव्हती, आणि त्याने ते लिहून ठेवलं. नाकाच्या एकाही जाहिरातीत मला आजवर हा भाग दिसलेला नाही.

घरातली खरी लढाई पुढे सिनेमाच्या मैदानावर झाली. आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या ऑपरेशनाच्या विरोधात. त्यांचा पुरावा जेनिफर ग्रे. १९८७ च्या ‘डर्टी डान्सिंग’ची ती नायिका. पुढे तिने नाकाचं ऑपरेशन केलं, त्यात राहिलेली एक बारीकशी खोट काढायला दुसरं केलं, आणि दुसऱ्यानंतर तिला ओळखीचे लोकही ओळखेनात. नाक वाईट झालं नव्हतं, चांगलंच झालं होतं. फक्त ते जेनिफर ग्रेचं राहिलं नव्हतं. कामं आटली. १९९९ मध्ये एका विनोदी मालिकेत तिने स्वतःचीच भूमिका केली आणि त्यात स्वतःच्या नाकाची टिंगल केली.

“ताई, ती नटी होती,” मेव्हणा म्हणाला. “मला कोण ओळखतंय?” आणि त्याने प्रियांका चोप्राला साक्षीला काढलं. तिने २०२१ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की नाकातला पॉलिप काढायच्या ऑपरेशनात नाकाचा पूलच बसला, हातातले सिनेमे गेले, आणि नंतर दुरुस्तीची ऑपरेशनं करून नाक मार्गावर आलं. “बघा कुठे पोचली ती!” मेव्हणा म्हणाला. सगळे विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “तिच्या नाकात खरंच काही तरी होतं रे.”

त्या दिवशी घराला पहिल्या ऑपरेशनाचं खरं कारण अधिकृतपणे कळलं. म्हणजे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, पण त्याला ठाऊक नव्हतं की त्यांना ठाऊक आहे. ओव्याच्या पुरचुंड्या पाठवतानाही सासूबाईंना ठाऊक होतं. मग पाठवल्या कशाला, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तू एवढं मन लावून सांगत होतास.”

मेडिक्लेमवाल्यांनी याहून कमी माया दाखवली. दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला आरोग्यविमा पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा डॉक्टरने लेखी दिलेली खरी वैद्यकीय गरज असेल तरच. पहिल्या वेळी मेव्हण्याने दावा केलाच नाही, कारण श्वासाचा पुरावा मागितला असता. आता श्वासाचा ढळढळीत पुरावा आहे, दुर्बिणीतून काढलेले फोटो आहेत, डॉक्टरांचं पत्र आहे. तर त्यांनी आधीच्या ऑपरेशनाचे कागद मागितले, आणि त्या कागदांवर डॉक्टरने, थाप मारायची रुग्णाची इच्छा लक्षात न घेता, जे केलं ते स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलेलं. फाइल सध्या विचाराधीन आहे.

त्या मुंबईच्या डॉक्टरीणबाईंचं सांगायचं राहिलं. या प्रकरणात मला पटलेली माणसं म्हणजे त्या आणि सासूबाई. बाईंनी गाल ओढून पाहिला, आत पाहिलं, बरगडीचा तुकडा लागेल म्हणाल्या, नाकाच्या खालून बारीक छेद देऊन नाक उघडून काम करावं लागेल, वेळ पहिल्यापेक्षा जास्त, खर्च जास्त, सूज जास्त काळ. मेव्हण्याने फोनमधलं संगणकावरचं नाक दाखवलं. त्यांनी फोन उलटा ठेवला. मग विचारलं, “समजा, श्वास पूर्ण मोकळा झाला, फुगवटा थोडा कमी झाला, पण दिसायला साधारण असंच राहिलं. चालेल?”

मेव्हणा गप्प. मी गप्प. खिडकीत एसीचं पाणी ठिबकत होतं. “उत्तर आलं की या,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दिसण्याच्या एखाद्या दोषाने माणसाला झपाटून टाकलं, की तो दोष सुऱ्याने जात नाही, हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. इटलीतल्या मोर्सेली या मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्येच या आजाराला नाव दिलं होतं. आमचा मेव्हणा तिथवर गेलेला नाही असं मला वाटतं, कारण तो अजून क्रिकेट बघतो, भांडतो आणि दुसऱ्याच्या ताटातली कोथिंबीरवडी उचलतो. पण बाईंनी प्रश्न विचारला तो याच शंकेने, आणि विचारला म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ‘हो’ म्हणणारे सर्जन पैशाला पासरी मिळतात. ‘घरी जा आणि विचार करा’ म्हणायला धंद्याचं नुकसान सोसावं लागतं.

मेव्हण्याला उत्तर सापडायला तीन महिने लागले. ते कसं सापडलं तर सर्दीने. पावसाळ्यात एका रात्री दोन्ही बाजू बंद झाल्या, गाल ओढूनही काही होईना, आणि पहाटेपर्यंत तो तोंडाने श्वास घेत पलंगावर बसून राहिला. कोरडं पडलेलं तोंड घेऊन सकाळी मला फोन केला. “दाजी, दिसणं गेलं खड्ड्यात. हवा पाहिजे.” बाईंना त्याने हेच जरा सभ्य शब्दांत कळवलं. दिवाळीनंतरची तारीख मिळालीय. सासऱ्यांनी फोटोंच्या भिंतीवर त्याचा जुना, लग्नातला फोटो चौथा म्हणून लावून घेतलाय, म्हणजे घराण्याच्या दृष्टीने तो विषय मिटला. बरगडीबद्दल सासूबाईंनी देवीला नवस बोललाय. विमा कंपनीचं पत्र अजून यायचंय.

राहता राहिली एक विनंती. लग्नसराईत तो कुठल्या तरी मांडवात तुम्हाला भेटेल. नाकावर सूज असेल, ती वर्षभर राहील. नाक कसं झालंय, आधीचं बरं होतं की आताचं, यावर मत देऊ नका. तो स्वतः विचारेल, तरीही देऊ नका. त्याला मान वळवायला तर मुळीच सांगू नका. बोलायचंच असेल तर श्वास नीट येतो का, एवढंच विचारा, आणि त्याचं बोट गालावर नाही ना ते बघा.